टेबलावर चालतंय

आमच्या धंद्यात कुठलंही उपकरण टेबलावर चालतंच. टेबलाची हवाच तशी असते. डोक्यावर एसी, प्लगमध्ये अगदी मोजून घेतलेले २३० व्होल्ट, मोबाइलचा टॉवर खिडकीसमोर, आणि मुख्य म्हणजे ते उपकरण प्रत्यक्ष वापरणारा माणूस ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. अशा ठिकाणी मीसुद्धा बरा चालतो.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत नवीन इलेक्ट्रॉनिक वस्तू 'डेव्हलप' करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे घरात कुणालाच माहीत नाही. नातेवाइकांच्या हिशेबी मला मिक्सर दुरुस्त करता आला पाहिजे. तो करत नाही, म्हणजे एकतर येत नाही किंवा माज आलाय. मावशीने एकदा पंखा दाखवला. "बघ रे, हळू फिरतोय." मी खालूनच म्हटलं, "कपॅसिटर गेलाय." निदान अचूक होतं. पण माझं सगळं आयुष्य पाच व्होल्टांच्या आत गेलेलं. स्टुलावर चढून २३० व्होल्टांत हात घालायचा म्हटल्यावर मला अचानक मेन स्विच, रबरी चप्पल, विम्याचा हप्ता अशा बऱ्याच गोष्टी आठवल्या. शेवटी कोपऱ्यावरचा वायरमन आला. त्याने मेन स्विच बंदसुद्धा न करता पाच मिनिटांत कपॅसिटर बदलला. मावशीने त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि माझ्या हातावर लाडू.

तर सध्या आमची कंपनी शेतातल्या मोटरचा मोबाइल स्टार्टर बनवते. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधाबांधाने विहिरीपर्यंत जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो. तो बटण दाबू देईलच असं नाही. त्याऐवजी घरी अंथरुणात पडून स्टार्टरला मिस्ड कॉल द्यायचा आणि कूस बदलायची, अशी कल्पना. कल्पना चांगली होती. कल्पना चांगली असली की तिची बैठक होते.

बैठकीला मी तयारीने गेलो होतो. एक फेज गेली तर मोटर जळू नये, विहिरीतलं पाणी संपलं तर पंप कोरडा फिरू नये, ४१५ व्होल्टांच्या जागी ३०० आले काय आणि ४८० आले काय, बोर्ड जिवंत राहावा, असे सगळे मुद्दे मी लिहून नेले होते. त्यातला पहिला वाचत असतानाच मार्केटिंगवाल्याने विचारलं, "लाईट कुठल्या रंगाचा आहे?"

"हिरवा. मोटर चालू असल्याचा."

"हिरवा जुना वाटतो. निळा करा. निळा प्रीमियम वाटतो."

माझे पुढचे मुद्दे तिथेच राहिले. निळ्या एलईडीचा इतिहास तसा फार कष्टाचा आहे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली आला, पण झगझगीत निळ्यासाठी जगाला नव्वदचं दशक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या बैठकीत तो चहा यायच्या आत मंजूर झाला. पुढे या निळ्या दिव्याने काय केलं ते येईलच.

मंजूर झालेली वस्तू बनवायला चिप लागते, आणि आमची वेळ अशी की नेमका २०२१ साली जगात चिपचा दुष्काळ पडला. विक्रेते ऑर्डर घेऊन शांतपणे सांगायचे, "बावन्न आठवडे." दुष्काळ इतका लांबला की २०२२ मध्ये जपानात टोयोटाने नव्या गाडीबरोबरच्या दोन स्मार्ट किल्ल्यांपैकी एक साधी लोखंडी देऊन वेळ मारून नेली. टोयोटाची ही अवस्था, तिथे भोसरीला कोण विचारतो? आमचे खरेदीवाले काका मुंबईत लॅमिंग्टन रोड पालथा घालून आले, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाला नमस्कार करून आसपासची दुकानं हिंडले. एका दुकानात त्यांनी चिपचा भाव विचारला.

"आत्ताचा सांगू की दुपारचा?" दुकानदार म्हणाला.

काकांनी आत्ताच्या भावाने घेतल्या. त्या घेतल्यावर नवीन शंका. त्या काळात जुन्या चिपवरची अक्षरं घासून, वर काळा रंग देऊन, त्यावर हवं ते नाव छापून विकण्याचा उद्योग जोरात होता. असा रंग ॲसिटोनने पुसला जातो. आता ॲसिटोन चटकन मिळणार कुठे? नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये. तेव्हा आमच्या इनवर्ड विभागात दोन दणकट पुरुष कापसाचे बोळे घेऊन नेलपॉलिश रिमूव्हरने चिपा पुसत बसलेले असायचे. अकाउंट्सने ते बिल कच्च्या मालात धरायला नकार दिला. काकांनी 'कॅलिब्रेशन' लिहून पास करून घेतलं.

एवढं सगळं करून पहिला बोर्ड तयार झाला आणि टेबलावर चालला. साहेबांना दाखवायला नेला, तर बंद. परत आणला, चालू. आमच्याकडे बोर्डालाही माणूस कळतो. साहेब निघून गेल्यावर आमच्या लक्षात आलं की क्रिस्टलच्या एका पायावर बोट ठेवलं की बोर्ड हटकून चालतो. यात चमत्कार नाही. माणसाच्या बोटालाही थोडा कपॅसिटन्स असतो, काही पिकोफॅरडचा, आणि तिथे नेमका तेवढाच कमी पडत होता. फर्मवेअरचा पोरगा म्हणाला, "म्हणजे प्रत्येक स्टार्टरबरोबर एक माणूस द्यायचा." काकांनी खरंच विचारलं, "काय रोजावर?"

बोटाच्या जागी दोन कपॅसिटर बसवले आणि पहिला नग ओतूरकडच्या एका गावात अण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर लागला. रात्री फोन.

"सायब, मोटर चालू व्हती आन् लगीच बंद व्हती."

"किती वेळात?"

"आता तुमाला सांगेस्तोवर दोनदा झाली."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तपास सुरू झाला. तपास सुरू होतो म्हणजे आधी संबंध नसल्याचे जबाब नोंदवले जातात. फर्मवेअरचा पोरगा म्हणाला, "कोड तर तोच आहे, म्हणजे हार्डवेअर." मी म्हटलं, "बोर्ड तर तोच आहे, म्हणजे कोड." डबा बनवणारा, ज्याला कुणीही काहीही विचारलं नव्हतं, तो दारातूनच म्हणाला, "डब्याचा काही संबंध नाही हं." काका म्हणाले, "मटेरियल सेम टू सेम आहे." मार्केटिंगवाला म्हणाला, "लाईट लागतोय ना?" एकमेकांकडे बोट दाखवण्यात आमचा अख्खा आठवडा गेला. तीच बोटं बोर्डावर ठेवली असती तर निदान काहीतरी चाललं असतं.

अखेर ऑसिलोस्कोप गाडीत घालून मी गावाला गेलो. विहिरीवर पोचल्यावर लक्षात आलं की ऑसिलोस्कोपला वीज लागते आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. दुपारी दोनला पोचलेला मी रात्री दहापर्यंत बांधावर, मांडीवर स्कोप घेऊन बसलो. एवढं चकचकीत यंत्र आणि त्यापुढे गंभीर चेहरा, हे बघून गावाने आपसात निष्कर्ष काढला. पहिले गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाणी बघायला आले का?"

मी म्हटलं, "नाही, मी इंजिनिअर आहे."

"ते असू द्या. किती फुटावर लागंल?"

मी पाणाड्या नाही हे पटवण्यात संध्याकाळ गेली. पटलं कुणालाच नाही. एकाने तर मला हाताला धरून त्याच्या कोरड्या बोअरपाशी नेलं. आग्रह मोडवेना म्हणून मी स्कोपचा प्रोब जमिनीला टेकवून दाखवला. माझ्या नोकरीत माझ्याकडे एवढ्या श्रद्धेने कधी कुणी बघितलं नव्हतं. साहेबांनी तर नाहीच.

रात्री वीज आली आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. स्टार्टरमधला मोबाइलचा मॉड्यूल टॉवरशी बोलताना वीज सलग घेत नाही, झटक्याझटक्याने घेतो. प्रत्येक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान, पण त्यात दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. टॉवर समोर असला की तो कुजबुजतो, टॉवर डोंगरापलीकडे असला की जिवाच्या आकांताने ओरडतो. भोसरीत तो कुजबुजत होता. इथे ओरडताना व्होल्टेज खाली बसायचं, प्रोसेसर गचकून नव्याने सुरू व्हायचा आणि नव्याने सुरू झाला की आधी मोटर बंद करायचा. हा झटका सोसायला मी एक चांगला कपॅसिटर लिहून दिला होता. काकांनी सव्वा रुपया वाचवून दुसरा घेतला होता.

"आकडा तोच आहे बघा, हजार मायक्रोफॅरड," काका म्हणाले. "रंगसुद्धा सेम टू सेम."

कपॅसिटर बदलल्यावर मोटर व्यवस्थित चालू झाली. थोडी जास्तच व्यवस्थित. अण्णांचा फोन दुपारी तीनला आला, "सायब, मी कॉल केलाच न्हाई, तरी मोटर चालू. कांद्यात पाणी घुसलं." स्टार्टरच्या सिमवर आलेले कॉल तपासले. घरातल्या कुणालाही मोटर चालू करता यावी म्हणून पहिल्या आवृत्तीत आम्ही कुठल्याही नंबरचा कॉल चालवून घेत होतो. तीनला आलेला कॉल कर्ज देणाऱ्यांचा होता. नंतर एसेमेसही आला होता, अभिनंदन, आपणास पाच लाखांचं कर्ज आधीच मंजूर झालं आहे. अण्णांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला आणि बराच वेळ स्टार्टरकडे बघत राहिले. "मला पन्नास हजारांसाठी वरीसभर हेलपाटे घालाया लावले. ह्याला घरी बसून पाच लाख?"

मग नोंदवलेल्या नंबरांचेच कॉल घ्यायचे असं ठरलं. विहीर दोन भावांत सामाईक. सकाळी अण्णांचा फोन आला, "धाकट्याचा नंबर काढा." दुपारी धाकट्याचा फोन आला, "दादाचा नंबर काढता येतो का वो? त्याला न सांगता?"

दरम्यान वस्तूची चाचणीही करून घ्यावी लागते. चाचणीची प्रयोगशाळा हे अतिशय सुसंस्कृत ठिकाण आहे. तिथे बंदुकीच्या आकाराच्या यंत्राने तुमच्या डब्यावर ८,००० व्होल्टची ठिणगी मारतात, पण आधी "मारू का?" असं विचारतात. डबा आयपी ६५ आहे की नाही, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जातो का, हेही तपासतात. धुळीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात टाल्कम पावडर वापरायला सांगितलंय. आमचा डबा बंद पेटीत आठ तास पावडर लावून घेत बसला आणि सुवासिक प्रमाणपत्र घेऊन बाहेर आला. आत एक कण गेला नव्हता.

हे प्रमाणपत्र घेऊन डबा गावी गेला. तिथल्या वायरमनला वायर खालून घालणं अडचणीचं वाटलं, म्हणून त्याने वरून भोक पाडलं. दुसरं भोक पहिलं चुकलं म्हणून. दार उघडंच ठेवलं, कारण "आत गरम होतंय". दार उघडं म्हटल्यावर आत जागा दिसली. जागा दिसल्यावर तिथे तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, पान्हा आणि सोसायटीची पावती राहायला आली. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांबरोबर स्टार्टरचीही पूजा झाली. अण्णांच्या घरी पूजा वरवरची करत नाहीत. हळद-कुंकू, अक्षता आणि थोडं पाणी थेट बोर्डावर वाहिलेलं होतं. खारी हवा, दमट उष्णता, थरथराट या सगळ्यांसाठी जगात मानकं आहेत. ओल्या कुंकवाचं गळतीमूल्य कुणी काढून ठेवलेलं नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण अण्णा म्हणाले, "पूजा केल्यापासून एकदा बी बंद नाय पडला." रेकॉर्ड तपासलं. खरं होतं.

बंद पडला तो शेजारच्या वस्तीवरचा. उघडल्यावर आत सगळं काळं ठिक्कर, आणि आर आणि वाय या दोन फेजांच्या मध्ये एक पाल. शेपूट एकीकडे, डोकं एकीकडे. स्टार्टरमध्ये पाल जाणं नवं नाही. शेतकरी म्हणूनच आत डांबरगोळ्या ठेवतात. पण आमच्या स्टार्टरमध्ये पालींची रीघ लागली होती. कारण समोर दिसत होतं. अंधाऱ्या रानात मैलभर दुसरा दिवा नाही, आणि किड्यांना निळा प्रकाश फार आवडतो. निळ्या दिव्यावर किडे येत, किड्यांवर पाल येई, पालीवर ४१५ व्होल्ट येत. तीन शास्त्रज्ञांनी उभं आयुष्य वेचून जे मिळवलं, त्याचा सगळ्यांत पद्धतशीर उपयोग या पालींनी केला होता.

बैठकीत मी फोटो दाखवला. मार्केटिंगवाला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पांढरा चालेल का? पांढराही प्रीमियम असतो."

या सगळ्यातून एकदाचा माल खपायला लागला. एका गावात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंचवीसेक मोटरींना आमचे स्टार्टर बसले. 'ऑटो'वर टाकलं की वीज येताच मोटर आपोआप सुरू होते, मिस्ड कॉलचीही गरज नाही. पहिल्याच रात्री दहाला वीज आली. पंचवीस मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीचे फ्यूज फाडकन उडाले आणि गाव अंधारात.

पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी माणसं चालत जायची. कुणाची विहीर लांब, कुणी चप्पल शोधतोय, कुणाला डुलकी लागलेली, कुणी वाटेत बोलत उभा राहिलेला. मोटरी एकामागून एक रमतगमत सुरू व्हायच्या. गावाच्या आळसावर तो डीपी वर्षानुवर्षं टिकून होता, आणि आम्ही भोसरीत बसून तो आळस नाहीसा केला होता. मग तोच आळस कोडमध्ये पुन्हा लिहायला घेतला. प्रत्येक स्टार्टरने वीज आल्यावर शून्य ते एकशेवीस सेकंदांत कधीतरी, मनाला येईल तेव्हा, सुरू व्हावं. फर्मवेअरच्या पोराला हा भाग एका बैठकीत जमला. आळसाची त्याला आतून जाण होती.

फक्त मार्केटिंगच्या आग्रहाखातर ती वेळ ग्राहकाला बदलता येईल अशी सोय ठेवली. आठवड्याभरात पंचवीसच्या पंचवीस जणांनी ती शून्यावर आणली. फाडकन.

शेवटी मारुतीच्या देवळासमोर बैठक घेतली. मी डीपी काय, करंट काय, सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "बरोबर हाये सायबांचं. प्रत्येकाने थोडं थांबलं पाह्यजे." टाळ्यासुद्धा पडल्या. बैठक संपली आणि मी गाडीकडे निघालो, तर हाच गृहस्थ पिंपळाआड उभा. "सायब, बाकीच्यांचं जरा जास्त ठेवा. माझं तेवढं शून्य." पुढच्या वळणावर दुसरा. "कुणाला बोलू नका, माझी विहीर उथळ हाये." गाडीपाशी तिघे एकदम आले, आणि एकमेकांना बघून हवापाण्याचं बोलायला लागले.

अण्णा सगळ्यांत शेवटी आले. खिडकीत वाकून म्हणाले, "सायब, शून्य तर समद्यांनीच घेतलंय. त्यात काय ऱ्हायलं न्हाई आता. माझं उणे दोन करा."

"अण्णा, उणे दोन म्हणजे वीज यायच्या आधी दोन सेकंद मोटर सुरू होणार."

"हां, तेच म्हणतोय मी. किती पैशे घेता?"

मी हसत हसत साहेबांना फोन लावला आणि गंमत म्हणून हे सांगितलं. पलीकडे साहेब हसले नाहीत.

"हार्डवेअर बदलावं लागेल?"

"हार्डवेअर नाही, पण सर..."

"मग प्रश्नच नाही. छोटासा बदल आहे. फर्मवेअरला सांग, सोमवारी द्यायचंय."

त्यांच्या मागून मार्केटिंगवाल्याचा आवाज आला, "सर, हे फीचर मार्केटमध्ये कुणाकडेच नाहीये."